नऊ किलो दोनशे

शिगमो संपला की आमच्या सत्तरीत
वाऱ्याला काजूच्या बोंडांचा वास येतो.
गोड, आंबूस, थोडा कुजका.
पणजीहून माणसं गाड्या घेऊन येतात, म्हणतात, अहाहा.

अंगणवाडीमागे प्रेमानंदची भाटी.
त्या मंगळवारी तिथं पहिलं भांडं चढलं
तेव्हा सुकांती पोरांची वजनं करत होती
आणि मी, मदतनीस, खिचडीपाशी.
तिचा आवाज येत होता, सरळ, सपाट:
नऊ किलो दोनशे. नऊ किलो दोनशे.
रजिस्टर नंतर पाहिलं.
अकरा पोरं, एकच वजन,
अक्षर मात्र नेहमीसारखं सुबक.

मी काय केलं ते सांगते, कारण ते चुकलं.
मागून गेले. खांदा गदागदा हलवला.
तोंडावर पाणी मारलं, ओरडले, "अगो, कितें जालें?"
ती टेबलाखाली गेली.
सदतीस वर्षांची बाई, दोन्ही हातांनी डोकं झाकून
एवढीशी झाली
की काट्यावर मावली असती.

गाव म्हणालं, वारं लागलं.
गाव म्हणालं, नाटकं.
मी घाडीकडे दोन नारळ नेऊन दिले,
तेही सांगते.

पावसात फणसाच्या बिया सोलताना
तीच बोलली, बियांकडे बघत:
"मी जाते कुठंतरी. मुद्दाम नाही.
त्या वासात एक दुपार आहे."
कोणती, ते मी विचारलं नाही.
ते ती बांबोळीच्या डॉक्टरबाईंना सांगते,
महिन्यातून एका बुधवारी, दोन बस बदलून, थोडं थोडं.
बाई तिला म्हणाल्या,
तुमचं डोकं बिघडलेलं नाही.
त्या दुपारी ते तुम्हाला वाचवायला शिकलं
आणि अजून वाचवतंय.
दुपार संपल्याचा निरोप
त्याला कोणी पोचवलेला नाही.

तर निरोप पोचवणं हे आता माझं काम,
पगारात नसलेलं.
समोरून जाते, तिला दिसेन अशी.
हात लावत नाही, आधी विचारते.
आवाज किती? मीठ पुरे का, विचारावं तेवढा.
"मी शेवंता. आज शुक्रवार.
चप्पल काढ, फरशी गार आहे बघ.
भिंतीवरच्या हत्तीचे पाय मोज."
रंगाऱ्यानं त्याला पाच पाय काढलेत.
एक, दोन, तीन, चार,
आणि पाचव्याला तिच्या कपाळावर आठी.
आठी आली की समजायचं,
बाई वाटेवर आहे.
मग जिभेवर सोल. आंबट, खारट,
आजचं.

कधी हत्तीही उपयोगाचा नसतो.
तेव्हा मी जरा लांब बसून तांदूळ निवडते.
खडे संपतात, ती आलेली नसते.
निवडलेलेच पुन्हा निवडते.
प्रेमानंदला एकदा सांगून पाहिलं, भाटी हलव.
तो म्हणाला, वास कुणाला बांधता येतो गो?
खोटं नव्हतं त्याचं.

यंदा वारा फिरला तेव्हा मी पाठमोरी होते.
खिडकी लागल्याचा आवाज आला.
वळले तर सुकांती अनवाणी,
गालात सोल, डोळ्यांत पाणी, पण डोळे इथंच.
रजिस्टर माझ्याकडे सरकवून म्हणाली,
"आज तू लिही. मी सांगते."
मला आकडे तेवढे येतात.
दुर्वांक, अकरा किलो शंभर.
मारियाना, दहा किलो साडेतीनशे.
फटू गावकराची धाकटी,
नऊ किलो दोनशे.

माझं पेन थांबलं.
मी हळूच हत्तीकडे बघितलं.
"हत्ती राहू दे," ती म्हणाली,
"खरंच तेवढं आहे गो.
ये, काटा बघ."